शेवटच्या वर्षाचा प्रकल्प: आजोळचा माळवदी वाडा घ्यावा की सगळ्यांसारखी जी प्लस फाइव्ह?

ओसरी
नमस्कार. मी लातूरला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रकल्प सातव्या आणि आठव्या सत्रात मिळून चालतो, म्हणजे जुलै ते मे. चौघांचा गट आहे. विषय पंधरा दिवसांत द्यायचाय.

माझं आजोळ औसा तालुक्यात. आजोबांचा वाडा माळवदाचा आहे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. ९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मागची भिंत पडली, ती नंतर विटांत बांधली. ढाळज (दारातली बैठक), ओसरी आणि माजघर मात्र तसंच उभं आहे. आजी, मामा-मामी अजून तिथंच राहतात. दर पावसाळ्यात मामा म्हणतात, आता पाडून स्लॅब टाकू. आजी म्हणते, मी आहे तोवर नाही. मला वर्षभर या वाड्याचाच अभ्यास करायचाय: तो किती सुरक्षित आहे, आणि न पाडता काय करता येईल.

गाईड सर म्हणाले, विषय चांगला आहे पण आवाक्यात बसणार नाही, जी प्लस फाइव्ह (तळमजला आणि वर पाच मजले) घ्या, ईटॅब्स सॉफ्टवेअरमध्ये करा. गटातल्या दोघांनाही तेच हवंय. ज्यांनी असे प्रकल्प केलेत किंवा तपासलेत त्यांनी सांगा. एका वर्षात हे होतं का? आणि सुरुवात कुठून करायची?

मुरूम
घे. पण 'वाड्याचा अभ्यास' हा विषय नव्हे, तो पसारा आहे. मी वीस वर्षं लातुरात स्ट्रक्चरचं काम करतोय. एक खोली निवड आणि तिचं वजन जमिनीपर्यंत कसं जातं ते आधी काढ.

उदाहरण देतो. माळवदावर ४५ सेमी माती धरली आणि कोरड्या मातीची घनता १७०० किलो प्रति घनमीटर धरली, तर एका चौरस मीटरवर ७६५ किलो येतात. १२ सेमीच्या आरसीसी स्लॅबचं स्वतःचं वजन ३०० किलो. म्हणजे ३ बाय ५ च्या खोलीवर साडेअकरा टन नुसती माती, लाकूड वेगळं. आता आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे तिसरा झोन (०.१६, त्याचं निम्मं धरायचं), साध्या दगडी बांधकामाला आर (न मोडता वाकण्याच्या क्षमतेचा अंक, यानं भागायचं) १.५, महत्त्वांक १ आणि बुटक्या घराला हेलकाव्याचा अंक २.५ घेतला की आडवा गुणांक ०.१३३ येतो. वजनाच्या तेरा टक्के बळ आडवं. छपराचं जवळपास दीड टन. हे एवढं तुला हातानं, सॉफ्टवेअर न उघडता मांडता आलं की निम्मा प्रकल्प झाला.

शिवार_७२
मुरूम साहेबांशी एका मुद्द्यावर असहमत. सगळे छपराच्या मातीलाच दोष देतात. त्याच खोलीची ५ मीटर लांब, ३ मीटर उंच, ७५ सेमी जाड दगडी भिंत घ्या. सव्वाअकरा घनमीटर, २२०० नं गुणलं तर पावणेपंचवीस टन. एकच भिंत! छपराच्या दुपटीहून जास्त. आणि आपल्याकडच्या खणाच्या (खांबांमधल्या गाळ्यांच्या) घरात माळवद भिंतीवर नसतंच, ते खांबांवर असतं. भिंत नुसती बाजूला उभी. तिला वरून कोणी धरलेलं नाही.

मुरूम
बरोबर आहे, मी खोली म्हणताना भिंत गृहीतच धरली. ओसरी, हे लक्षात ठेव: तुझ्या वाड्यात माळवद भिंतीवर टेकलंय की खांबांवर, हे पहिल्या भेटीत बघ. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

तेरणाकाठ
मी इंजिनिअर नाही. पण हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. १९९३ ला मी अकरा वर्षांची होते. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असतील. शिवार यांनी जे लिहिलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या घराचे खांब आणि वरचं माळवद उभं राहिलं, भिंती बाहेरच्या अंगाला पडल्या. शेजारच्या घरात भिंती आत आल्या. त्या घरातलं कुणी राहिलं नाही.

माझे वडील म्हणायचे, आपली भिंत दोन हात जाड आहे, हिला काय होतंय. त्या जाडीवर आमचा केवढा विश्वास होता. नंतर गावात आलेल्या एका इंजिनिअरनं पडलेल्या भिंतीजवळ बसून आम्हाला दाखवलं, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे मुरूम न् चिखल. दोन पातळ भिंती एकमेकींना न धरता उभ्या होत्या.

ताई, तू हा विषय घे. ज्या घरात अजून माणसं राहतात त्यांना आज काय करायचं हे सांगणारं कुणीतरी पाहिजे.

ओसरी
तेरणाकाठ मावशी, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. आजीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "तिला म्हणावं, आमच्याकडं पण भिंत भाईरच पडली म्हणून वाचलो."

गोदाकाठचा
मी थोडं उलट बोलणार आहे, राग मानू नये. नांदेडला ठेकेदारी करतो, दरवर्षी दोन-तीन नवे पोरं-पोरी कामावर घेतो. मुलाखतीत मी विचारतो, फुटिंगचं बार बेंडिंग शेड्यूल (सळयांचा तक्ता) वाचता येतं का, स्लॅबचं क्वांटिटी काढता येतं का. वाड्यावर वर्ष घालवलेल्या पोरीला मी काय काम देऊ? घरची परिस्थिती बघून विषय निवडावा. लवकर नोकरी लागायची असेल तर आरसीसीच करा. भावनेवर चार वर्षांची फी वसूल होत नाही.

मुरूम
काम देताना तुम्ही जे विचारता ते दोन महिन्यांत साइटवर शिकता येतं, भाऊ. वजन कुठून कुठे जातं हे शिकायला शांत वर्ष परत मिळत नाही.

गोदाकाठचा
दोन महिने पगार मी देतो ना साहेब. माझं म्हणणं एवढंच की तिनं दोन्ही बाजू बघून ठरवावं.

काळीमाती
मी एका कॉलेजात शिकवतो आणि दरवर्षी सहा-सात गट सांभाळतो, म्हणून गाईडची बाजू मांडतो. आम्ही जी प्लस फाइव्ह सुचवतो कारण तिची पायवाट मळलेली असते. नकाशा मिळतो, सॉफ्टवेअर उत्तर देतं, अहवाल वेळेत बांधून होतो. जुन्या इमारतीत मोजमापातच ऑक्टोबर उजाडतो आणि पहिल्या सत्राच्या सादरीकरणाला मुलं रिकाम्या हातानं उभी राहतात. हे मी दोनदा पाहिलंय.

पण खरं सांगू? गेल्या दहा वर्षांत लक्षात राहिलेले माझे दोनच प्रकल्प आहेत, आणि दोन्ही खऱ्या इमारतींचे होते. बाकी अहवाल कपाटात एकमेकांसारखे दिसतात. कित्येकांत मागच्या वर्षीच्या गावाचं नावसुद्धा बदललेलं नसतं. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात हे आम्हाला माहीत असतं, आणि त्याचं दुःखही होतं.

गाईडला पटवायचं असेल तर विषय घेऊन जाऊ नकोस, प्रश्न घेऊन जा. एका ओळीचा, हो-नाही किंवा एका आकड्यात उत्तर येईल असा. आणि सोबत कागदावर लिही की आम्ही काय करणार नाही. त्या यादीनं गाईड निम्मा निश्चिंत होतो.

परभणी_ते_पेन
मूळ परभणीचा, सध्या अमेरिकेत इमारतींच्या वातानुकूलन-वीज यंत्रणांचं काम करतो. इकडे 'आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग' अशी वेगळी शाखाच आहे. आर्किटेक्ट निराळा. ही मंडळी इमारतीची रचना, हवा, प्रकाश-वीज आणि बांधकाम व्यवस्थापन एकत्र शिकतात. पेन स्टेट विद्यापीठात हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि शेवटचं वर्षभर प्रबंध चालतो. माझे काही सहकारी तिथले आहेत, त्यांच्याकडून ऐकलेली पद्धत इथे उपयोगी पडेल.

प्रत्येक विद्यार्थी एक खरी इमारत घेतो, मालकाची परवानगी काढून. पहिलं सत्र काहीही बदलायचं नाही. आहे ती इमारत समजून घ्यायची आणि एकामागून एक तांत्रिक अहवाल द्यायचे: भार काय, रचना कशी, यंत्रणा कशी, मूळ डिझाइन करणाऱ्यानं हे असं का केलं असेल. सत्र संपता संपता प्रस्ताव द्यायचा की मी अमुक एक गोष्ट बदलून पाहणार. दुसऱ्या सत्रात तो बदल खोलात जाऊन करायचा, आणि शेवटी प्राध्यापक व बाहेरून आलेल्या व्यावसायिकांसमोर मांडायचा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्या विषयात खोल जायचं, पण सोबत आपल्या शाखेबाहेरचे दोन विषयही उथळ का होईना तपासायचे. म्हणजे स्ट्रक्चरवाल्यानं पोलादी सांगाडा काढून काँक्रीटचा केला, तर मजल्याची उंची बदलली का, हवेच्या नळ्यांना जागा उरली का, बांधकामाचे दिवस आणि पैसे किती वाढले, हे त्यालाच सांगावं लागतं. एका जागी हात लावला की इमारत दुसरीकडे उत्तर देते. हे शिकायला वर्ष लागतं.

ओसरी, तुझ्या वाड्यात एक गोष्ट बदल. आणि ती बदलल्यानं दुसरीकडे काय होतं ते बघ.

शिवार_७२
मग विषय समोरच आहे. माळवदावरची माती कमी करायची. किल्लारीनंतर दुरुस्तीच्या कामांत ही पहिली गोष्ट सांगितली जायची. पण लोक ऐकत नाहीत, कारण माती काढली की घर तापतं असं त्यांचं म्हणणं. खरं आहे का ते?

वाळवण
तापतं म्हणजे काय, भाजतं! आमच्या बीडच्या घरी २००९ ला माळवद उतरवून पत्रे टाकले. एप्रिलपासून दुपारी आत बसता येत नाही. आई अजून जुन्या माजघराची आठवण काढते. तिथं भर दुपारी फरशीवर नुसतं पडलं तरी झोप लागायची. आणि रात्री? रात्री सगळे माळवदावर. शेजारपाजारचे सगळे वर, पोरं आडवी-तिडवी, आजीची गोष्ट एका माळवदावरून तीन घरं ऐकायची. पत्र्यावर कोण झोपणार?

देवळी_आणि_दिवा
@वाळवण, माळवदावरून थेट शेजारच्या माळवदावर जाता यायचं, आठवतंय का? आम्ही पतंगामागं अख्खी गल्ली वरूनच पार करायचो. आणि सवण्यातून (माळवदातल्या उजेडाच्या भोकातून) खाली डोकावलं की आजी ओरडायची, "माती पडती रं पिठात!"

वाळवण
हो! आणि पाऊस आला की सवण्यावर पाटी पालथी घालायला धावायचं. पहिला जो पोचेल त्याला गूळ.

जालन्याचे_मास्तर
विषयाकडे येतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो. शिवार यांच्या प्रश्नाला थोडं गणित लागू पडतं.

दिवस-रात्रीच्या उष्णतेची लाट मातीत शिरताना विझत जाते. कोरड्या मातीत साधारण १२ सेमी खोलीला तिची उंची ३७ टक्क्यांवर येते. आणखी १२ सेमी गेलात की त्या ३७ चे पुन्हा ३७ टक्के, म्हणजे १४. याचा अर्थ २० सेमी मातीखाली वरच्या चढ-उताराचे वीस टक्क्यांपेक्षा कमी उरतात, आणि ५५ सेमीखाली जेमतेम एक टक्का. पण २० वरून ५५ वर जाताना तुम्ही पावणेतीनपट वजन डोक्यावर घेता, आणि वाचवता काय, तर वीसातले उरलेले.

दुसरी गंमत वेळेची. लाट खाली पोचायला उशीर लागतो. २० सेमीला साधारण सहा-सात तास. दुपारी दोनला छत सर्वात तापलेलं असेल तर खाली त्याची झळ रात्री आठ-नऊला येणार. त्या वेळी माणसं कुठं असतात? वाळवण यांनी सांगितलंच, माळवदावर!

हे सगळं जाड, एकसारख्या मातीचं गणित आहे. खऱ्या छतात खाली लाकूड आणि पाला असतो, वारा असतो, ओल असते. म्हणून मोजायलाच हवं. तीन-चार साधे तापमापक पुरे: एक माळवदाखाली, एक पत्र्याच्या खोलीत, एक बाहेर सावलीत. दर तासाला नोंद.

परभणी_ते_पेन
मास्तर, हा एकटा प्रतिसाद प्रबंधाचा अर्धा पाया आहे. ओसरी, बघ: खोलातला विषय रचना, बाहेरचा विषय उष्णता. एकच प्रश्न: किती माती उतरवली तर भूकंपाचं बळ पुरेसं कमी होतं आणि घर तापत नाही?

ओसरी
मला आत्ता काय वाटतंय ते लिहिता येत नाहीये. तीन दिवस मी 'वाड्याचं संवर्धन' असलं शीर्षक घेऊन बसले होते. हा प्रश्न उद्याच सरांकडे घेऊन जाते.

एक अडचण राहिली. वाडा एकट्या मामांचा नाही. आजोबांच्या भावांचे वारस मिळून अकरा जण आहेत. त्यातल्या दोघांनी मोजमापाला नाही म्हटलंय. त्यांना वाटतं मोजणी म्हणजे वाटणी.

पायरी
ही अडचण मी भोगलीय. माझा प्रकल्प उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या एका गढीवर होता. मालकांना वाटलं आम्ही धोकादायक इमारतीचा पंचनामा करायला आलोत आणि उद्या नोटीस येणार. आठ दिवस कुणी दार उघडलं नाही.

उपाय सांगते. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घे. त्यात स्पष्ट लिहून घे की हे फक्त शिक्षणासाठी आहे, हद्द मोजली जाणार नाही, कुठल्याही कार्यालयात अहवाल दिला जाणार नाही, आणि अहवालात मालकाचं व गावाचं नाव येणार नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला ज्याचं नाव असेल त्याची सही घे. आणि पत्र पोस्टानं पाठवू नकोस, आजीला सोबत घेऊन दोघांच्या घरी जा. चहा घे. टेप दुसऱ्या दिवशी काढ.

ढलपी
आमचं घराणं सुतारांचं. ताई, नावं नीट लिही अहवालात, ती हरवत चाललीत. खालून वर: दगडी उथळा, त्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचन (लाकडाच्या ढलप्या), त्यावर पाला, मग चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढरी. पांढरी म्हणजे गावठाणातली माती. शेतातली काळी चालत नाही, ती पाणी पिऊन फुगते न् उन्हाळ्यात भेगाळते. पांढरी पाणी धरून ठेवत नाही.

जाडी वाढायचं कारण सांगतो. मृगाच्या आधी दरसाल वर नवीन पांढरी टाकायची रीत. जुनी कोण काढत नाही. पणजोबांच्या हातचं माळवद वीतभर असेल तर नातवाच्या काळात हातभर होतंय. आमच्या आज्यानं खांब वीतभराच्या हिशोबानं बसवला होता, हातभराच्या नाही.

लाकूड तपासताना उथळ्याजवळ आणि तुळई भिंतीत शिरते तिथं सळईनं टोचून बघ. वाळवी न् कुज तिथंच असते. मधला खांब शंभर वर्षं ठणठणीत राहतो.

ओसरी
ढलपी काका, जाडी मोजायला माळवद खोदायला आजी देणार नाही. काय करू?

ढलपी
सवणं हाय की! सवण्यात हात घाल, सगळा काप दिसतो. पाला कुठं संपला, पांढरी किती वेळा टाकली, थर मोजता येतेत.

मुरूम
वा! वीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

शिवार_७२
मोजमापाबद्दल थोडं. रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद आजमावायचा हातोडा) घेऊन जाऊ नकोस, चिखलाच्या दगडी भिंतीवर तो आकडा निरर्थक असतो. ओळंबा लाव. भिंतीचं पोट किती सुटलंय ते दर अर्ध्या मीटर उंचीवर मोज. आयएस १३८२८ मध्ये असल्या भिंतींचे नियम आहेत: आरपार जाणारे दगड उभ्यात दर ६० सेमीला आणि आडव्यात जास्तीत जास्त १.२ मीटरवर, जाडी ४५ सेमीहून जास्त नको. तुझ्या भिंतीत आरपार दगड आहेत का, हे पडक्या मागच्या बाजूला उरलेल्या तोंडावरून कळेल. नसतील तर भिंतीला आरपार भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरतात, तो उपाय वाच. पण तो तुझ्या प्रश्नाचा भाग करू नकोस. एका ओळीत उल्लेख पुरे.

तेरणाकाठ
मला इथं थांबवावंसं वाटतं. माती कमी करून घर तापलं नाही, प्रश्न सुटला, असं नको व्हायला. आमच्याकडं माणसं भिंतीनं गेली.

शिवार_७२
तुमचं म्हणणं रास्त आहे. माझी शेवटची ओळ मागे घेतो. ओसरी, निष्कर्षात हे ठळक आलंच पाहिजे: माती उतरवल्यानं खांब-तुळयांवरचा भार आणि हेलकावा कमी होतो, भिंत सुटी ती सुटीच राहते. निदान एका भिंतीचा हिशोब मांड.

काळीमाती
आणखी एक. भेगा. आपल्याकडे काळ्या मातीत पाया असेल तर पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भिंतीला भेगा पडतात. ९३ ची भेग कुठली आणि जमिनीची कुठली हे एका भेटीत कळत नाही. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही कडांना चिकटवून ठेव, तारीख लिही. जुलैत एक वाचन, डिसेंबरात एक, मे मध्ये एक. वर्षाच्या प्रकल्पाची हीच तर संधी आहे. जी प्लस फाइव्ह जुलैत आणि मे मध्ये सारखीच असते. वाडा पावसात वेगळा, थंडीत वेगळा, उन्हाळ्यात वेगळा.

पत्र्यावरचा_पाऊस
थोडं विषयांतर. बाहेरचा दुसरा विषय पाणी का नाही? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा मी बारावीत होतो. त्यामुळे माझा प्रकल्प वसतिगृहाच्या छतावरच्या पाण्यावर केला. ४०० चौरस मीटर छत, ७०० मिमी पाऊस, ८० टक्के हाती येतं धरलं तर २ लाख २४ हजार लिटर. सादरीकरणात हा आकडा सांगितला आणि बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, "टाकी केवढी?" मी वर्षाचं पाणी मोजलं होतं, दोन पावसांमधले कोरडे दिवस मोजलेच नव्हते. ते गणित मी परीक्षेनंतर घरी बसून पूर्ण केलं, गुणांसाठी नव्हे, झोप लागेना म्हणून.

ओसरी
दादा, पाणी नाही घेत. काळीमाती सरांनी सांगितलेल्या 'करणार नाही' यादीत पहिलंच टाकते. पण कोरड्या दिवसांची गोष्ट लक्षात ठेवीन.

गोदाकाठचा
आणि गटातल्या त्या दोघांचं काय झालं? त्यांना आरसीसी पाहिजे होतं ना. माळवद उतरवून त्यावर स्लॅब टाकायचा मामांचा बेत आहेच. त्या दोघांना तोच पर्याय डिझाइन करू दे. जुन्या खांबांना तो पेलतो का, नवे कॉलम घ्यावे लागले तर किती, खर्च किती, सगळं ईटॅब्समध्ये. तुलनेला मामांचं उत्तरही मिळेल आणि त्यांना मुलाखतीत सांगायला कामही. क्वांटिटी काढून झाली की मला इथं टाका, दर मी तपासून देतो.

ओसरी
गोदाकाठचा काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोघेही तयार होतील. मनापासून आभार.

(सात आठवड्यांनंतर)

ओसरी
धागा वर काढते. सरांनी विषय मान्य केला. प्रश्न वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "मोजणार कशानं?" मी मास्तरांचं गणित आणि चार तापमापकांचं कोटेशन पुढे ठेवलं.

अकरापैकी दहा सह्या झाल्या. अकराव्या आजोबांनी सही दिली नाही, पण "माझ्या खणात सोडून बाकी मोजा" म्हणाले. त्यांचा खण नकाशात रिकामा ठेवलाय.

माळवद खांबांवरच आहे, भिंतीवर नाही. मागच्या बाजूच्या उरलेल्या तोंडात दीड मीटरच्या पट्ट्यात आरपार दगड एकही सापडला नाही. तेरणाकाठ मावशी, भिंतीचं स्वतंत्र प्रकरण करतोय. मामांना ते तोंड दाखवलं. त्या रात्रीपासून आजीचा पलंग भिंतीपासून हलवून ओसरीच्या मधोमध आणलाय.

ढलपी काका, सवण्यात हात घालून मोजलं. ५५ सेमी. पांढरीचे थर वेगवेगळ्या रंगांचे दिसतात, मी चौदा मोजले, गटातल्या मुलानं सोळा. मुरूम काकांच्या हिशोबानं चौरस मीटरला ९३५ किलो, आमच्या माजघरावर चौदा टन. २० सेमीवर आणलं तर पाच टनांच्या थोडं वर. ओळंबा लावला तर पूर्वेच्या भिंतीचं पोट ६ सेमी सुटलेलं निघालं.

शंका एकच. गेल्या आठवड्यात तीन दिवस झड होती. ओल्या पांढरीचं वजन कोरड्यापेक्षा किती जास्त धरायचं?

मुरूम
धरायचं नाही, मोजायचं. माहीत असलेल्या आकारमानाचा डबा दाबून थरातून नमुना काढ, लगेच वजन कर, मग भट्टीत १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून परत वजन कर. कॉलेजच्या मृदा प्रयोगशाळेत होतं. झड ओसरली तरी दोन दिवसांत घेतलंस तर चालेल, उशीर करू नकोस.

ढलपी
नमुना पन्हाळीच्या बाजूनं घे, पाणी तिकडंच उतरतंय. आणि काढलेलं भोक त्याच दिवशी पांढरीनं बुजव, धुमसानं ठोकून. नाहीतर आजीच्या पिठात पाणी.

ओसरी
उद्या सकाळच्या एसटीनं निघते. डबा घेतलाय.